इकडे राहायला आलात ना, मग यूपीएसच्या आधी अर्थिंग बघा

मी २०१३ ला सांगलीहून इकडे अमरावतीच्या वरुड तालुक्यात आले, नवऱ्याची बदली झाली म्हणून, दोन वर्षांत परत जाऊ म्हणत म्हणत इथलीच झाले. घरून डीटीपी करते, लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, असलं सगळं. आता गावात नवीन माणसं बरीच येतायत, कुणी शाळेवर लागलंय, कुणी बँकेत, कुणी पुण्याच्या कंपनीचं काम गावातल्या घरातून करतंय, आणि प्रत्येकजण मला एकच विचारतो, ताई यूपीएस (लाइन गेली की कॉम्प्युटर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा) कोणता घेऊ. सांगते, पण तो नंबर दोनचा प्रश्न आहे.

आधी शब्द शिकून घ्या. इकडे वीज नसते, लाइन असते. लाइन गेली, लाइन आली, लाइन डिम हाये. ट्रान्सफॉर्मर म्हणजे डीपी. शेजारच्या आजींनी पहिल्या आठवड्यात विचारलं, "तुमच्या घरी लाइन हाये का वं?" तर मी टेलिफोन समजून नाही म्हणाले, आणि त्या बिचाऱ्या अंधारात असेल ही म्हणून कंदील घेऊन आल्या.

तर माझा कॉम्प्युटर लावला तेव्हा एक गोष्ट व्हायची, अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लागला की मुंग्या यायच्या. जोराचा शॉक नाही, बारीक झिणझिण. मला वाटलं नवीन फरशी आहे, ओल असेल. दोन महिने चप्पल घालून काम केलं, खोटं नाही सांगत. मग पंख्याच्या कामाला वायरमन भाऊ आले, त्यांना सहज सांगितलं तर त्यांनी बोर्ड उघडला आणि आत दाखवलं, थ्री पिन सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला मागे अर्थिंगची, म्हणजे जमिनीत जाणारी, वायरच नव्हती. "मॅडम, हे भोक निस्तं दिखाव्यापुरतं हाये."

हे गावातल्या जुन्या घरांत सर्रास आहे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायच्या डब्यात, लाइनमधून येणारा विजेचा कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट बॉडीवर सोडतात आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जावा अशी सोय असते. अर्थिंगच नसेल तर तो जाणार कुठे, कॅबिनेटवर शंभर-सव्वाशे व्होल्ट नुसते बसून राहतात, करंट एवढासा म्हणून माणूस वाचतो, पण पेन ड्राइव्ह लावताना, प्रिंटरची केबल जोडताना पोर्ट उडायला तेवढं पुरतं. माझे दोन यूएसबी पोर्ट असेच गेले आणि मी पेन ड्राइव्हला शिव्या देत बसले.

म्हणून घर भाड्याने घेताना नळाला पाणी किती वेळ येतं विचारता ना, तसं अर्थिंग आहे का विचारा, आणि मालक हो म्हणाले तरी वायरमनकडून मीटर लावून बघा. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रलमध्ये (परत नेणारी) २३० व्होल्टच्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. त्यांना शंभर वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावूनही बघायला सांगा, मिणमिणला तर अर्थिंग नावालाच आहे (घरात आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाइन तोडणारा स्विच, असेल तर तो याने पडणारच, घाबरू नका, तो त्याचं काम करतोय). हे स्वतः करू नका. आणि न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडून देणारे महाभाग असतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

नसेल तर करून घ्या, अंगणात खड्डा, त्यात आठ-साडेआठ फूट जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी घालायला तोंड ठेवलेलं. आता इथली खरी गंमत. आपली काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आणि मे महिन्यात अशी भेगाळते की भेगेत मनगट जातं. माती सुकून पाइपपासून सुटली की पावसाळ्यात एक नंबर असलेलं अर्थिंग नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, बेकार. आम्ही बाथरूमचं पाणी त्या बाजूला वळवलंय, वर कढीपत्त्याचं झाड लावलंय, सासूबाईंना वाटतं मी झाडाची काळजी घेते. तसं जमत नसेल तर मार्चपासून रोज एक बादली ओता. कूलरसाठी तर हे हवंच हवं, लोखंडी बॉडी, आत पाणी, ओली फरशी, दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाची वाईट बातमी येते.

आता दुसरी गोष्ट, जी मला एसएमपीएस जाळून कळली. लाइन जाण्याने कॉम्प्युटर फार मरत नाही, फाइल जाते, डोकं फिरतं, कधी हार्ड डिस्कला त्रास होतो एवढंच. मारते ती येणारी लाइन. एका अवकाळीत, एप्रिल होता, संध्याकाळी वादळ सुटलं आणि बाहेर खांबावर न्यूट्रलचा जोड सुटला. लाइन गेली नाही, उलट ट्यूब पांढरीफटक झाली, पंखा हेलिकॉप्टरसारखा फिरायला लागला, मी वर बघतेय तोवर टेबलाखालून फट्, आणि जळक्या माशासारखा वास. नंतर उघडलं तर आतला एक कपॅसिटर टोपीसारखा फुगून फुटलेला आणि तपकिरी चिकट काहीतरी पंख्याच्या पात्यावर उडालेलं.

झालं काय, खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल, प्रत्येक घराला एक फेज. न्यूट्रल तुटला की तुमचं घर आणि दुसऱ्या फेजवरचं घर एकमेकांत अडकतात, दोघांत मिळून ४००च्या वर व्होल्ट, आणि ज्याच्या घरी कमी लोड त्याच्या वाट्याला जास्त. म्हणजे घरात एक कॉम्प्युटर आणि दोन दिवे लावून बसलेली मी मेले आणि समोर पिठाची चक्की चालू होती त्यांना काही झालं नाही.

त्या दिवशी स्पाइक गार्ड होता लावलेला! बाजारात त्या नावाने मिळतं त्यात बऱ्याचदा एक लाल दिवा आणि चार सॉकेट एवढंच असतं. खऱ्यात एमओव्ही नावाचा छोटा भाग असतो, तो क्षणभराचा झटका पिऊन टाकतो, पण २३०च्या जागी ३५० असं मिनिटभर चालू राहिलं तर तो स्वतःच जळतो. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, तोसुद्धा पडत नाही, तो करंट बघतो, व्होल्टेज नाही. याला इलाज वेगळा, मेन बोर्डात व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्यायचा, वर गेलं की तोडतो, फार खाली गेलं तरी तोडतो, आणि नीट झालं की थोडं थांबून परत जोडतो. माझ्या मते यूपीएसच्या आधीचा खर्च हा.

प्रोटेक्टर नसेल तोवर एक सवय लावा, लाइन गेली की बटण बंद, आणि आली की पाच मिनिटं हात लावू नका. लाइन दोन-तीनदा झटके मारून मग टिकते. आणि गल्लीतलं एखादं पोरगं लांब काठी घेऊन "फेज बदलून देतो" म्हणून खांबाकडे निघालं की आधी सगळे प्लग काढा, मग त्याला अडवा. काठी ओली असेल तर तो जाईल, वायर चुकली तर तुमचा फ्रिज जाईल. महावितरणच्या १९१२ या नंबरला फोन करा, तक्रार नंबर घ्या.

आता यूपीएस. साधा ६०० व्हीएचा घ्या, त्यातून खरे ३६० वॅट मिळतात, डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, फाइल सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरे. काम चालू ठेवायचं असेल तर इन्व्हर्टर, पण साइन वेव्हचा (लाइनसारखीच गुळगुळीत वीज देणारा), आणि मागचं बटण यूपीएस मोडवर, नाहीतर बदलताना कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीच लावू नका, तापताना एवढा लोड ओढतो की यूपीएस ओरडून बंद. माझा झालाय, ऐन परीक्षेच्या पेपरात.

घेताना इनपुट रेंज वाचा, १४० ते ३०० असं काहीतरी हवं. कारण इथे हरभऱ्याला पाणी सुरू झालं की पंप लागतात, आणि मेमध्ये रात्री जेवणं उरकून गावचे सगळे कूलर एकदम लागतात, तेव्हा १७० व्होल्ट हे नेहमीचं. पंपांचा फीडर, म्हणजे सबस्टेशनहून येणारी लाइन, गावठाणापासून वेगळा केलेला असतो बऱ्याच ठिकाणी, पण तुम्ही शेतातलं घर घेतलं असेल तर तुम्ही पंपांच्याच लाइनवर, तिथे स्टॅबिलायझरही लागेल. रेंज छोटी असलेला यूपीएस दिवसभर बॅटरीवर जात-येत राहतो आणि वर्षात बॅटरी खलास. तशीही इथे बॅटरी कमी टिकते, २५ डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला आयुष्य निम्मं होतं म्हणतात आणि आपल्याकडे मेमध्ये बाहेर ४५. पत्र्याखाली नको, खिडकीजवळ नको, कूलरच्या हवेसमोर तर मुळीच नको, ती दमट असते, बोर्डवर गंज धरतो.

आभाळातल्या विजेपुढे यातलं काहीच चालत नाही. अवकाळीत आणि मृगाच्या आसपास ढग गडगडले की प्लग ओढून काढा, बटण बंद करून भागत नाही, इथल्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलमध्येच असतं. लॅनची (नेटची) वायरही काढा, डिशची पण. फायबर आला असेल तर ती काच आहे, त्यातून येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो ना. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये टाकून ठेवा, आसपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं, शेतात जाणाऱ्या घरमालकांनाही टाकून द्या.

लॅपटॉपवाले म्हणतील आम्हाला काय, बॅटरी आहे, अडॅप्टर १०० ते २४० चालतो. हो, डिम लाइनला तुम्ही सुखी. पण २४०च्या फार वर गेलं की त्याचंही मरण तेच, आणि अर्थिंग नसलं की मेटलच्या लॅपटॉपला मनगटाला तीच झिणझिण.

आणि वायरमन गाठायचा तर सकाळी आठच्या आत गाठा, नंतर ते कुणाच्या तरी शेतात मोटर बघायला गेलेले असतात आणि तिथे फोनला रेंज नसते.