भरपूर फिलरचं रेझिन ओतण्याजोगं कसं करावं

पॉलिएस्टर रेझिनमध्ये एटीएच, म्हणजे अॅल्युमिनियम ट्रायहायड्रॉक्साइडची पांढरी पावडर फिलर (भराव) म्हणून घालतात, ती मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी. साधारण 200 अंश सेल्सिअसच्या पुढे ती पाणी सोडते आणि ज्वाला थंडावते. पण त्यासाठी पावडर भरपूर लागते. 100 ग्रॅम रेझिनमध्ये 150 ग्रॅम घातली की काठी फिरेनाशी होते आणि हात स्टायरीनकडे, म्हणजे रेझिन पातळ करणाऱ्या द्रवाकडे जातो. तो आवराच. स्टायरीनमुळे माल पातळ होतो, पण आकुंचन वाढतं, जळणारा भाग वाढतो आणि पावडर तळाशी बसते.

त्याऐवजी आम्लधर्मी, फॉस्फेट एस्टर गटातला डिस्पर्संट, म्हणजे कण सुटे ठेवणारं रसायन घ्या. त्याच्या रेणूचं एक टोक एटीएचच्या कणाला धरतं, दुसरं रेझिनमध्ये पसरतं. त्यामुळे कण एकमेकांना चिकटत नाहीत.

मात्रा पावडरच्या वजनावर काढा, रेझिनच्या नव्हे. इथेच सर्वाधिक गडबड होते. चार कप घ्या: 0, 0.5, 1 आणि 1.5 टक्के. 150 ग्रॅम पावडरला अनुक्रमे 0, 0.75, 1.5 आणि 2.25 ग्रॅम. थेंब मोजू नका, बारीक वजनकाटा वापरा.

डिस्पर्संट आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, मग पावडर थोडी थोडी घाला. उलट केलंत तर पिठल्यातल्या गुठळीसारखी पावडर बाहेरून ओली, आतून कोरडी राहते.

आता सपाट काचेवर प्रत्येक कपातलं 20 ग्रॅम मिश्रण ओता आणि दोन मिनिटांनी डागाची रुंदी मोजा. चारही कप एकाच तापमानाला हवेत. उन्हाळी दुपारी रेझिन आपोआपच पातळ होतं. ज्या मात्रेनंतर डाग फारसा वाढत नाही, ती तुमची मात्रा. त्याहून जास्त घालण्यात माझ्या मते काहीच शहाणपण नाही: सुटे राहिलेले रेणू पृष्ठभागावर येऊन रंगाची पकड बिघडवू शकतात. उरलेले कप झाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळाशी काठी घालून बघा. घट्ट थर लागला तर ती मात्रा बाद.

शेवटी जेल टाइम, म्हणजे रेझिन घट्ट व्हायला लागणारा वेळ. आम्लधर्मी डिस्पर्संटमुळे तो बदलू शकतो, म्हणून निवडलेल्या मात्रेचा छोटा कप नेहमीच्या प्रमाणात कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) आणि एमईकेपी (रेझिन घट्ट करणारं पेरॉक्साइड) घालून तपासा. कोबाल्ट पूर्ण मिसळल्यावरच एमईकेपी घाला. ही दोन थेट एकत्र आली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. हातमोजे, चष्मा आणि खेळती हवा हवीच. कप जितक्या वेळात घट्ट झाला, तेवढ्यात मोल्ड भरून होणार असेल तरच मोठी बॅच लावा.