कोंबडी हातात धरण्याआधी

आमच्या काबरीला मुंगसानं पाठीवर धरलं होतं, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही वासावरून. पिसांखाली तळहाताएवढी जखम सहज झाकून जाते, आणि कोंबडी दुखणं लपवते, कारण कमजोर दिसली की बाकीच्या तिला टोचायला येतात. दाणे टाकल्यावर धावत न येणं, पंख पाडून एका कोपऱ्यात उभं राहणं, संध्याकाळी खुराड्यात शेवटी शिरणं, एवढ्याच काय त्या खुणा. मी तिला उचललं आणि मग कापूस शोधायला लागलो, मग पाणी तापवायला, मग कात्री. तेवढ्यात ती दोनदा हातातून सुटली, धडपडीत जखमेची कड फाटली आणि रक्त आलं. काबरी वाचली, पण तिला तो त्रास विनाकारण झाला. तेव्हापासून कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर एक पत्र्याचा डबा कायम भरलेला असतो.

डब्याच्याही आधी जागा तयार ठेवायची. डालग्याखाली झाकून भागत नाही. फटीतून इतर कोंबड्या टोचतात आणि माश्या तर जातातच. मोठं खोकं किंवा भाजीचा क्रेट घ्या, घरातल्या शांत, थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधा. खाली भुसा किंवा गवत नको, ते जखमेला चिकटतं. जुनं पांढरं धोतर किंवा सुती साडीचा तुकडा सगळ्यात बरा, कारण रक्त, पू आणि शिटेचा रंग त्यावर लगेच दिसतो. थंडीपावसात खोक्याच्या एका बाजूला जुन्या पद्धतीचा, गरम होणारा पिवळा बल्ब लावा, दुसरी बाजू थंड राहू द्या, म्हणजे तिला हवं तिथं सरकता येतं. कोंबडीचं अंग मुळातच साधारण ४१ अंश सेल्सियस असतं. हाताला गरम लागली म्हणून ताप आला असं समजू नका.

आता डबा. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं आणि त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, विरघळवायचं. जखम धुवायला यापेक्षा चांगलं काही नाही. धुण्यासाठी २० मिलीची सिरिंज, सुई काढून. तिच्या धारेनं घाण निघते आणि कापसानं घासावं लागत नाही. मेडिकलमध्ये पोव्हिडोन आयोडीनचं ५ टक्क्यांचं द्रावण मिळतं. ते तसंच ओतायचं नाही. एक भाग औषधाला दहा भाग पाणी घालून फिक्या चहासारखा रंग आला की वापरायचं. त्याच औषधाचं साधं मलम. गॉजच्या पट्ट्या, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, चिमटा, टॉर्च, एक मोठा पंचा. वजनाला ताणकाटा आणि कापडी पिशवी, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो आणि डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

मलम विकत घेताना खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. लिग्नोकेन, बेन्झोकेन अशी ‘केन’नं संपणारी बधिर करणारी औषधं पक्ष्यांना झेपत नाहीत, ती टाळा. हायड्रोजन पेरॉक्साईड रोज घातलं की नवं येणारं मांसही जळतं. गाई-म्हशींच्या जखमेत अळ्या पडल्या की गावाकडं टर्पेंटाईन ओततात, काही जण फिनाईल. कोंबडीची कातडी कागदासारखी पातळ असते आणि वाफेचा त्रास पक्ष्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. या दोन्ही बाटल्या तिच्या आसपाससुद्धा आणू नका.

हळदीबद्दल मला सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्या भागात पहिला हात तिच्याकडंच जातो. शेजारी सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, घराघरात ती असते, आणि धुतलेल्या वरवरच्या ओरखड्याला लावायला माझीही हरकत नाही. पण खोल, वास येणाऱ्या जखमेत कोरडी पूड दाबून भरली की तिचा गोळा होतो, वरून सुकलेलं दिसतं आणि आत घाण कोंडली जाते. काबरीच्या जखमेत आम्ही उपचाराच्या पहिल्या दिवशी हेच केलं होतं. दुसऱ्या दिवशी तो पिवळा थर भिजवून सोडवायला अर्धा तास लागला.

सगळं उजव्या हाताशी मांडून झालं की मगच कोंबडी उचलायची. पंख अंगाशी मिटवून पंचात गुंडाळा, डोक्यावर कापड अलगद सोडलं की ती शांत होते. छाती मात्र आवळू नका. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा पडदा, नसतं. छातीचं हाड खालीवर हललं तरच तिला श्वास घेता येतो, घट्ट धरली तर ती हातातच गुदमरते. एकानं धरावं, दुसऱ्यानं धुवावं. जखमेभोवतीची पिसं दोन बोटं अंतरापर्यंत कात्रीनं कापा, उपटू नका, कातडी सोलून येते. नवी उगवणारी निळसर, फुगीर पिसं सोडून द्या, त्यांत रक्त असतं.

धुताना दोन गोष्टी पाहून माणसं घाबरतात. पहिली म्हणजे पू. कोंबडीचा पू वाहत नाही, पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट, पिवळसर गोळा होतो. म्हणून गळू पिचकून काही निघत नाही. सैल झालेला तुकडा चिमट्यानं उचलता आला तर उचला, आत धरून बसलेला ओढू नका, ते डॉक्टरांचं काम. दुसरी म्हणजे हिरवा रंग. मार लागलेली जागा दोन-तीन दिवसांत हिरवी दिसते. पक्ष्यांच्या अंगात साकळलेलं रक्त त्या रंगावर येतं. कातडी मऊ, उबदार आणि बिनवासाची असेल तर तो मुका मारच. काळी पडली, थंड लागली, घाण वास आला, तर सडायला लागली आहे.

अळ्यांसाठी टॉर्च हवाच. माश्यांची अंडी तिळाएवढी, पांढरी, पिसांच्या मुळाशी झुपक्यानं चिकटलेली असतात आणि उन्हाळ्यात एका दिवसात फुटतात. चिमट्यानं एकेक काढायची, मिठाच्या पाण्याची धार मारायची आणि सकाळ-संध्याकाळ पुन्हा पाहायचं. शेपटीखालची जागा विसरू नका.

खाण्याला भिजवलेली ज्वारीची भरड, मऊ भात, कुस्करलेलं उकडलेलं अंडं. पाणी पीत नसेल तर चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळते. चोच उघडून आत ओतू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागंच असतं.

घरात उरलेली माणसांची कॅप्सूल फोडून देणं हा उपचार नव्हे. प्रतिजैविक लागलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच, आणि तिथंच हेही विचारा की अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही. तेवढ्या दिवसांची अंडी पुरून टाका. घरातली अंडी आधी लेकरांच्याच ताटात जातात, आणि उकडल्यानं औषधाचा अंश जाईलच असं नाही. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. अवघड जखमेसाठी आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील, हाड दिसत असेल किंवा चोवीस तास काहीच खाल्लं नसेल, तर घरी वेळ घालवू नका. तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती खरखरीत खपल्या असतील तर तो देवी हा कोंबड्यांचा रोग असू शकतो, त्या सोलू नका. आणि एकदम अनेक कोंबड्या मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तर हात न लावता दवाखान्याला कळवा.

प्रत्येक वेळी साबणानं हात धुवा, पंचा आणि फडकी वेगळी उकळा. जखम पूर्ण बंद होऊन लाल रंग गेल्याशिवाय तिला कळपात सोडायचं नाही, लाल दिसलं की इतर कोंबड्या टोचणारच. आम्ही काबरीला सतराव्या दिवशी, अंधार पडल्यावर, बाकीच्या झोपलेल्या असताना खुराड्यात ठेवलं. सकाळी दाणे दोन ठिकाणी टाकले आणि ती खाऊन होईपर्यंत मी तिथंच बसून होतो.