हवामानाचा अंदाज बघताना या चुका टाळा, मी सगळ्या करून झाल्यात

मार्च आला की आमच्या तासगाव भागात एकच रडगाणं, हवामान खात्यानं फसवलं. मीपण हेच म्हणायचो. मग एका वर्षी शेडवरचा बेदाणा भिजून काळा पडला आणि धाकटा भाऊ म्हणाला, दादा तू बुलेटिन वाचलंवतंस का नुसता फोनमधला सूर्य बघितलास? बघितलं तर सगळं लिहिलेलं होतं राव.

सगळ्यात मोठा घोळ 'मध्य महाराष्ट्र' या शब्दाचा. हवामान खात्यानं देशाचे 36 उपविभाग केलेत, त्यातले 4 आपल्याकडं आणि सातारा सांगली मध्य महाराष्ट्रात येतात, पण त्यातच नंदुरबार जळगावपण येतं, म्हणजे पाऊस धुळ्याला पडला तरी अंदाज खराच ठरला की! म्हणून टीव्हीवरचा देशाचा नकाशा बघून सोडून द्या, जिल्ह्याचा तक्ता उघडा. साताऱ्यात तर जिल्हापण पुरत नाही, महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर आणि दहिवडीला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणून घाटाचा इशारा वेगळा देतात. घाटाचा ऑरेंज अलर्ट बघून दहिवडीकडच्याच कोरड्या म्हसवडची सोयरीक पुढं ढकललेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

दुसरं म्हणजे शब्द. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे थोडासा पाऊस नाही, त्या भागातल्या 25 टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी, पण जिथं पडेल तिथं धो धो पडू शकतो. आणि 'हलका' म्हणजे 2.5 ते 15.5 मिलिमीटर. ऐकायला हलका, पण 15 मिलिमीटर म्हणजे एकरावर 60 हजार लिटर पाणी, सहा मोठे टँकर. मी हलका वाचून शेडचे पडदे सोडले नव्हते. त्यात इशाऱ्याचा रंगपण ग्रीन होता, आता ग्रीन म्हणजे इशारा नाही एवढंच, पाऊस नाही असं नाही.

तारखेचं तर कुणी बघतच नाही. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, त्यामुळं आज पहाटे चारला पडलेला पाऊस कालच्या अंदाजातला असतो आणि आपण आजच्याला शिव्या देतो. व्हॉट्सॲपवर फिरणारा नकाशा तर वरची तारीख कापलेला असतो, तो गेल्या वर्षीचापण निघतो.

फोनवर पंधरा दिवसांची चित्रं दिसतात, त्यावर लग्नाचा मांडव ठरवू नका. भरवसा पहिल्या तीन दिवसांवर ठेवायचा, पुढचं नुसता कल समजायचा. वळवाचं तर तीन दिवसांतपण गाव सांगता येत नाही, तो तापलेल्या दुपारी उभा राहतो आणि शेजारच्या शिवारात पडून आपल्याला नुसता मातीचा वास देतो. त्यासाठी दोननंतर तीन तासांचा तातडीचा इशारा बघायचा आणि दामिनी ॲप ठेवायचं, आसपास 20 ते 40 किलोमीटरवर वीज पडली की ते सांगतं. आमच्याकडं आता असं ठरलंय की आग्नेयेला काळं दिसलं आणि दामिनी वाजलं की पोरगं चहा सोडून पडद्याच्या दोरीला धावतं, बुलेटिन काय म्हणतं ते नंतर.

पावसाळ्यात मात्र उलटं करायचं, स्वतःचं गाव बघायचंच नाही. सांगलीकरांनो, आपल्याकडं पूर वरच्या पावसानं येतो, म्हणून कोयना आणि महाबळेश्वरचा अंदाज बघा आणि कृष्णेची आयर्विन पुलावरची पातळी बघा, 40 फूट इशारा आणि 45 धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांवर गेली. आमचे एक पाहुणे तेव्हा म्हणत होते, आज तर ऊन पडलंय की, पाणी कशाला चढतंय, आणि गाडी पार्किंगमध्येच ठेवली. चार दिवसांनी टपावरचा चिखल खरवडत होते.