संशोधकाची प्रकाशनं आणि सायटेशन कशी वाचावीत?

पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधताय, निवड समितीवर बसायचंय, किंवा कुणाचं तरी नाव तज्ज्ञ म्हणून सारखं कानावर येतंय. अशा वेळी बहुतेक जण गूगल स्कॉलर (संशोधन शोधायचं गूगलचं संकेतस्थळ) उघडतात, एच-इंडेक्स (सायटेशनवरून, म्हणजे पेपरच्या इतर लेखनातल्या उल्लेखांवरून, काढलेला आकडा) बघतात आणि मोकळे होतात. सामाजिक शास्त्रांच्या बाबतीत तरी तो आकडा शेवटी बघावा, असं माझं मत आहे.

आधी माणूस तोच आहे ना, याची खात्री करा. स्कॉलरवरच्या प्रोफाइलमध्ये लेख आपोआप जोडले जाण्याची सोय असते. प्रोफाइलच्या मालकाने लक्ष दिलं नाही, तर नावबंधूंचे पेपर त्यात येऊन बसतात. अर्थशास्त्राच्या यादीत मधूनच हृदयविकारावरचा पेपर दिसला, की समजून जा. संशोधकाचा ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा त्याचा स्वतंत्र क्रमांक असेल, तर तिथल्या नोंदींशी यादी ताडून बघा.

मग यादी वर्षाप्रमाणे लावा आणि पेपर, पुस्तकं, संपादित ग्रंथांतली प्रकरणं, अहवाल वेगवेगळे मोजा. मानववंशशास्त्रात किंवा इतिहासात एका पुस्तकामागे कित्येक वर्षं जातात. मधली वर्षं रिकामी दिसली म्हणून माणूस स्वस्थ बसला होता असं नाही. लेखकांच्या क्रमावरूनही घाईने निष्कर्ष काढू नका. अर्थशास्त्रात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात, मानसशास्त्रात सहसा कामाच्या वाट्यानुसार.

आता आकडे. एकाच व्यक्तीचे तीन ठिकाणी तीन आकडे मिळतील. स्कॉलर प्रबंध, अहवाल, पुस्तकं, अप्रकाशित मसुदे असं सगळंच धरतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशन मोजणारे डेटाबेस निवडक प्रकाशनं घेतात आणि त्यांचा कल जर्नलांकडे असतो, त्यामुळे पुस्तकं लिहिणाऱ्याचा आकडा तिथे बराच खाली येतो. एकाचा स्कॉलरचा आकडा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा, अशी तुलना कधीही करू नका.

एच-इंडेक्स ही भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडलेली कल्पना. ज्या आकड्याइतक्या पेपरना प्रत्येकी किमान तेवढीच सायटेशन आहेत, असा सर्वांत मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. हाताने काढून बघा. समजा, आठ पेपरची सायटेशन उतरत्या क्रमाने ४०, २२, १५, ९, ६, ५, २, ० अशी आहेत. पाचव्या पेपरला ६, म्हणजे पाचाहून कमी नाहीत. सहाव्याला मात्र ५च. म्हणून एच-इंडेक्स ५. आता पहिल्या पेपरची ४० ऐवजी ४०० करा. इंडेक्स पाचच राहतो! एखाद्या पेपरने अख्ख्या विषयाची दिशा बदलली, तरी या आकड्याला त्याचा पत्ता नसतो. शिवाय तो कधी घटत नाही, त्यामुळे वयाने मोठ्यांना तो आपसूक झुकतं माप देतो.

खरं काम यापुढे आहे. सर्वाधिक सायटेशनचा पेपर घ्या, त्याखालच्या सायटेशनच्या आकड्यावर क्लिक करा आणि तो कुणी, कशासाठी उद्धृत केला ते बघा. त्या यादीतच शोध घेण्याचा पर्याय असतो. पेपरमधली मुख्य संकल्पना तिथे टाका. निघालेल्यांपैकी दहाएक लेख उघडून नेमकं ते वाक्य गाठा. कुठे पाच-सात नावांच्या रांगेत हेही नाव ओवलेलं असतं. कुठे फक्त प्रश्नावली किंवा मोजपट्टी वापरलेली असते. अशा पेपरची सायटेशन भराभर वाढतात, मग त्यातला सिद्धान्त कुणी वाचलेला असो वा नसो. आणि कुठे दोन पानं त्या मांडणीशी वाद घातलेला असतो. सडकून टीका झाली तरी मोजणीत एकची भरच पडते, पण मला विचाराल तर असा एक वाद रांगेतल्या वीस उल्लेखांना भारी आहे.

स्वतःचेच उल्लेख किती, तेही बघा. स्कोपसवर ते वगळता येतात. थोडे असणं स्वाभाविकच, कारण माणूस आपलंच काम पुढे नेत असतो.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं मोल ठरवू नका. ती जर्नलमधल्या लेखांना मिळालेल्या सायटेशनची सरासरी आहे आणि नेहमीच्या मोजणीत आधीच्या दोनच वर्षांतले लेख धरते. सामाजिक शास्त्रांतला लेख अनेकदा त्यानंतरच वाचला जाऊ लागतो.

टिपण करताना प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत आणि पाहिल्याची तारीख लिहा, आणि खाली वाचलेल्या दोन-तीन उल्लेखांचा एकेका ओळीत सारांश द्या.