‘मॅडम, लिंक उघडत नाहीये’: ई-लायब्ररी वापरताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या लायब्ररीत ई-विभागाच्या टेबलाशी बसून मला बरीच वर्षं झाली. डेटाबेस बदलले, स्क्रीन बदलल्या, तक्रार तीच राहिली: “मॅडम, लिंक उघडत नाहीये.” लिंक बहुतेक वेळा ठणठणीत असते. घाईत दार चुकलेलं असतं.

ॲड्रेस बारमधली लिंक जपून ठेवणं. माझा सगळ्यात जुना वैताग. प्रबंध सादर करायच्या आदल्या आठवड्यात एक पीएचडीची विद्यार्थिनी आली. फाइलमध्ये दीडशेच्या वर लिंका, विषयवार लावलेल्या, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. त्यातल्या निम्म्याही उघडेनात. घरून लॉगिन करून शोधायचं आणि वर जो लांबलचक पत्ता दिसेल तो चिकटवायचा, असं तिनं दोन वर्षं केलं होतं. असले पत्ते पुष्कळदा त्या सेशनपुरतेच असतात. लॉगआउट झालं की मेले. लेखक, शीर्षक, वर्ष, काहीच लिहिलेलं नव्हतं. का? तर “लिंक आहे ना!” तीन दुपारी आम्ही दोघी तिच्या टिपणांतल्या वाक्यांवरून मूळ लेख हुडकत बसलो. काही सापडलेच नाहीत. रंग मात्र सुरेख होते.

म्हणून डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, उतरवा. ‘१०.’ने सुरू होणारा हा क्रमांक २००० सालापासून वापरात आहे. प्रकाशकाची साइट बदलली तरी लेखाचा क्रमांक तोच राहतो. फक्त तो तुम्हाला प्रकाशकाच्या दारात नेऊन सोडतो. घरून पूर्ण लेख हवा तर आधी लायब्ररीच्या पानावरून लॉगिन करा. संदर्भ जपून ठेवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते वापरा. मी स्वतः लेख उघडला की वाचायच्या आधी डीओआय वहीत लिहिते. हसा खुशाल.

घाऊक डाउनलोड. एका पठ्ठ्यानं रात्री स्क्रिप्ट लावून एका नियतकालिकाचे सगळे अंक उतरवायला घेतले. प्रकाशकाच्या यंत्रणेला माणूस दिसत नाही, विद्यापीठाचा आयपी पत्ता दिसतो. सकाळी अख्ख्या विद्यापीठाचा प्रवेश बंद! परवाना करारांत असल्या उपशाला सहसा सरळ मनाई असते. माफीनाम्याचे ईमेल लिहून प्रवेश परत मिळेपर्यंत दोन दिवस गेले. त्याला विचारलं, यातले वाचलेस किती? “अजून सुरुवात नाही केली.” संशोधनासाठी खरंच हजारो लेख लागत असतील तर आधी येऊन सांगा, परवानगीचे रस्ते असतात.

परीक्षेचा प्रश्न जसाच्या तसा सर्च बॉक्समध्ये टाकणं. दोन-तीन नेमके शब्द घ्या, जोडीनं येणारे शब्द अवतरणचिन्हांत ठेवा, समानार्थी शब्द ‘ऑर’ने (OR) जोडा. पहिल्या पानावर मिळालं नाही म्हणजे जगात नाही, असं नसतं.

जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहात ताजा अंक दिसला नाही म्हणून लायब्ररीला नावं ठेवू नका. तिथल्या बऱ्याच नियतकालिकांचे अलीकडचे, साधारण ३ ते ५ वर्षांचे अंक मुद्दामच नसतात. ते प्रकाशकाकडे शोधा.

प्रकाशकाच्या पानावर पैसे मागितले तर कार्ड काढू नका, मला विचारा. दुसऱ्या ग्रंथालयाकडून लेख मागवता येतो. थोडं थांबावं लागेल, एवढंच.

नुसता गोषवारा वाचून संदर्भ देऊ नका. परीक्षकांना कळतं.

संदर्भ देण्यापूर्वी लेख मागे घेतलेला नाही ना, तेही बघा. लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’मधला १९९८चा लेख २०१० साली मागे घेतला गेला. पीडीएफ कधीच उतरवून ठेवली असेल तर तिच्यावर तसा शिक्का आपोआप उमटत नाही.

आणि ई-पुस्तक वाचून झालं की टॅब तसाच उघडा टाकून जेवायला जाऊ नका. काही पुस्तकांचा परवाना एका वेळी एकाच वाचकाचा असतो. तुम्ही जेवत असता, तेव्हा दुसरा कुणीतरी माझ्या टेबलाशी उभा असतो, लिंक उघडत नाहीये म्हणून.