इंग्रजीच्या तासाला वर्ग ताब्यात कसा ठेवायचा

आमच्या सांगलीकडं काय न् बाकी राज्यात काय, 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, तरी सातवीत मागच्या बाकावर दंगा चालतो त्याचं कारण बऱ्याचदा एकच, पोरांना काय चाललंय तेच कळत नसतं. म्हणून आधी ओरडणं बंद करा. सूचना छोटी द्या, "ओपन युवर बुक, पेज ट्वेंटी" एवढंच, स्वतः पुस्तक उघडून दाखवा, मग एखाद्याला विचारा आता काय करायचंय, त्यानं मराठीत सांगितलं तरी चालतंय.

प्रश्न विचारताना आधी प्रश्न, मग थांबा, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे सुटले. आणि थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं, मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंना दिसलं होतं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, तेच 3 सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात, गप्प बसणारी पोरंही बोलायला लागतात. सुरुवातीला लय अवघड जातं हे.

जेवणानंतरच्या तासाला व्याकरण काढूच नका. सगळ्यांना उभं करा, "टच द डेस्क, जंप, सिट डाऊन" चालू द्या, नंतर जी पोरगी कधी तोंड उघडत नाही तिलाच पुढं बोलवून ऑर्डर द्यायला लावा.

कुणी चुकलं म्हणून वर्ग हसला तर तास तिथंच थांबवा, यात अजिबात सूट नको. दंगेखोराला सगळ्यांपुढं झापू नका, त्याच्या बाकाजवळ उभं राहून शिकवत राहा, आणि शाळा सुटल्यावर एकट्याशी बोला.