कूलरला एसी समजू नका: घरातल्या वीज-इंधनाच्या या चुका टाळा

एप्रिल लागला की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि पहिल्याच रात्री घरोघरी तीच चूक होते. कूलर सुरू, दारं-खिडक्या गच्च बंद. तासाभरात अंग चिकचिक करतं, अंथरूण ओलसर लागतं आणि दोष मिळतो बिचाऱ्या मोटरला. अहो, पाणी उडतं तेव्हाच कूलरची हवा गार होते. ओलसर हवेला बाहेर पडायला वाट नसली तर खोली दमट होते, आणि दमट हवेत पाणी उडत नाही. कूलर खिडकीत ठेवा, पाठ बाहेर, आणि समोरचं दार हातभर उघडं. मे महिन्यात चंद्रपूर ४५ अंशांवर तापतं तेव्हा पांघरूण घ्यायला लावणारा कूलर जुलैत निकामी ठरतो, तो याच कारणानं. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

हवा कमी येत असेल तर आधी ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या ओल्या होणाऱ्या जाळ्या पाहा. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून त्या दगडासारख्या होतात.

आता जिवावरची चूक. प्लग कापून दोन उघड्या वायरी सॉकेटात काडीनं खोचायच्या आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पत्र्याच्या टाकीत पाणी भरायचं. बटण बंद केलं म्हणून निर्धास्त राहू नका. ते न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत जाणाऱ्या वायरवर जोडलेलं असलं तर बंद असतानाही आत वीज असते. प्लग तीन पिनांचाच हवा, आणि पाणी भरताना तो काढलेला. तिसरी पिन गळकी वीज अर्थिंगमधून जमिनीत नेते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाकत जा. आपली काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंग नावापुरतं उरतं.

बिलाचं म्हणाल तर २०० वॅटचा कूलर दहा तासांत २ युनिट खातो, महिन्याला ६०. गोठ्यातला ६० वॅटचा जुना बल्ब रात्रभर जळतो त्याचा मात्र कोणी हिशेब करत नाही. तिथं ९ वॅटचा एलईडी पुरतो. १०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, असं पारावर छातीठोक सांगतात. तसं नाही, वरच्या युनिटांनाच लागतो.

चूल पेटवणाऱ्यांनी पऱ्हाटी-तुराट्या मृगाआधी छपराखाली घ्याव्या. ओल्या काडीची बरीच आच तिचंच पाणी आटवण्यात जाते, आणि धूर बाईच्या डोळ्यांत. काड्या कोंबूही नका, खालून हवा खेळू द्या. गॅस असो की चूल, तुरीची डाळ अर्धा तास आधी भिजत घाला.